थंडरबर्ड, सात महिने: बरोबर पासवर्डही नाकारला जातो तेव्हा

इतवारीत आमचा लग्नपत्रिकांचा लहान छापखाना आहे. वर्धा, भंडारा, उमरेडची गिऱ्हाइकं मजकूर मेलवर पाठवतात, प्रूफही मेलवरच जातं. दिवाळीच्या आधी हे सगळं मी थंडरबर्डवर, म्हणजे संगणकावरच्या एका मेल प्रोग्रामवर आणलं. प्रोग्राम फुकट आहे, पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची, म्हणजे चांगला मुरलेला. डोमेनचं (छापखान्याच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्याचं) खातं आणि जीमेल दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात, आणि दोन वर्षांपूर्वीचं प्रूफ आडनावावरून क्षणात सापडतं. एवढ्यासाठीच मी तो सोडणार नाही.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम लागला, आणि एका सकाळी डोमेनच्या खात्यावरून मेल जाईना. येत मात्र होते. आमचा पोरगा म्हणाला, "दादा, पासवर्ड बरोबर टाकून राहिलो, तरी घेऊन नाही राहिलं." तो खरंच बरोबर टाकत होता. आदल्या दिवशी मी वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मेलच्या पानावर, पासवर्ड बदलला होता. थंडरबर्डने मेल आणताना नवा विचारला, आम्ही दिला, आणि काम झालं असं धरून चाललो. पण येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे पासवर्ड तो वेगवेगळे साठवतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडा. येणाऱ्या मेलची नोंद 'आयमॅप'ने सुरू होते, जाणाऱ्याची 'एसएमटीपी'ने. दुसरीत जुनाच पासवर्ड बसला होता. ती नोंद पुसली, मेल पुन्हा पाठवला, त्याने पासवर्ड विचारला, नवा दिला, गेला.

तासाभराने मेल येणं आणि जाणं दोन्ही बंद. यात माझी अख्खी दुपार गेली, म्हणून नीट सांगतो. काउंटरवरच्या फोनमध्ये तेच खातं जुन्या पासवर्डने जोडलेलं होतं आणि तो फोन दर काही मिनिटांनी सर्व्हरचं दार ठोठावत होता. चुकीचे प्रयत्न फार झाले की बरेच सर्व्हर त्या इंटरनेट जोडणीलाच काही वेळ अडवतात. मग खरा पासवर्डही चालत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: संगणक दुकानाच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. तिथे मेल चालला तर पासवर्ड ठीक आहे, अडवलेली आहे ती जोडणी. अशा वेळी पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकू नका, बंदी लांबत जाते. जुन्या पासवर्डचं प्रत्येक यंत्र आधी शोधा. आमच्याकडे घरचा एक टॅबलेटही निघाला.

जीमेलची गोष्ट निराळी. ३० मे २०२२ पासून गूगलने बाहेरच्या प्रोग्रामना खात्याच्या नेहमीच्या पासवर्डवर आत घेणं बंद करायला सुरुवात केली. त्यामुळे तो कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड'ला (ओळख पटवण्याच्या पद्धतीला) 'ओऑथ २' निवडायचं, मग गूगलचीच खिडकी उघडते आणि पासवर्ड तिथेच द्यायचा. थंडरबर्डमध्ये कुकीज (वेबसाइट साठवून ठेवते त्या छोट्या नोंदी) बंद असतील तर ही खिडकी अडते. दुसरा मार्ग सोळा अक्षरी ॲप पासवर्डचा, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गूगल वेगळा बनवून देतो त्या पासवर्डचा, पण त्याला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असावी लागते, आणि मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. मी आधी हाच घेतला होता. फेब्रुवारीत फोनवरून मुख्य पासवर्ड बदलला आणि संगणकावरचं खातं त्याच दिवशी बंद पडलं. आता येण्याला आणि जाण्याला, दोन्हीकडे 'ओऑथ २' ठेवलं आहे. तेव्हापासून तक्रार नाही.

आता मेल अडला की पहिल्यांदा मी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडतो. तिथे पासवर्ड चालला तरच थंडरबर्डमध्ये हात घालतो.

एक राहिलंच. मार्चमध्ये नवा संगणक आला तेव्हा प्रोफाइलचं, म्हणजे थंडरबर्ड खाती आणि सेटिंग्ज जिथे ठेवतो ते अख्खं फोल्डर उचलून नेलं. साठवलेले पासवर्ड 'लॉगिन्स डॉट जेसन'मध्ये असतात आणि त्यांची किल्ली 'की४ डॉट डीबी'त. एकच फाइल नेली तर पासवर्ड उघडत नाहीत. आमचे पहिल्याच दिवशी सगळे चालले, आणि संध्याकाळच्या आत भंडाऱ्याची तीन प्रूफं गेली.