जादा हप्ता की एसआयपी?

४० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. घरखर्च भागून महिन्याला पाच हजार उरतात, ते कुठे घालायचे?

कर्जात भरले तर ते सव्वापाच वर्षं आधी फिटतं आणि जवळपास १३ लाखांचं व्याज वाचतं. मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं बँकेला लेखी सांगा.

एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने म्युच्युअल फंडात टाकले आणि वर्षाला दहा टक्के परतावा मिळाला, तर २० वर्षांत सुमारे ३८ लाख. आकडा मोठा दिसतो. पण कर्ज लवकर फेडून मोकळा झालेला अख्खा हप्ता, जादा पाच हजारांसकट, पुढे त्याच फंडात घातला तर ३३ लाख होतातच. फरक पाच लाखांचा, तोही कर जाण्याआधीचा आणि बाजाराने साथ दिली तर. फंडातले पैसे अडीनडीला काढता येतात, ही त्याची खरी जमेची बाजू.

माझा कौल कर्जाकडे झुकतो: आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला, मग तीन हजार कर्जात, दोन हजार फंडात. गणपतीला मुलांना घेऊन गावी जाण्याचे पैसे मी घरखर्चातच धरते, या पाच हजारांत कधीच नाही.