पडवीवर पॉलीकार्बोनेट, फडताळाला अ‍ॅक्रिलिक: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आमचं घर रत्नागिरीच्या आतल्या बाजूला. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि उजेडासाठी मधे मधे काचेची कौलं. वानरं छपरावर काय धुमाकूळ घालतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मातीचं कौल फुटलं तर खापऱ्या गोळा करता येतात. काचेचं फुटलं की माजघरात पुढचे चार दिवस अनवाणी फिरायची सोय नाही. म्हणून गेल्या दिवाळीनंतर काचेची कौलं काढून पॉलीकार्बोनेटची बसवली, पडवीच्या पुढच्या भागावर ४ मिलिमीटरचा सपाट पॉलीकार्बोनेट शीट घातला आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारांना अ‍ॅक्रिलिक लावलं. दोन्ही काचेसारखी पारदर्शक प्लॅस्टिकंच.

आधी खरेदीबद्दल. दुकानात नुसतं ‘फायबर’ मागू नका. त्या नावाखाली फायबरग्लासचा दुधी पत्राही दाखवतात, अ‍ॅक्रिलिकही आणि पॉलीकार्बोनेटही. कापून उरलेली एखादी पट्टी मागून घ्या आणि पकडीत धरून वाकवा. अ‍ॅक्रिलिक कट्‌कन तुटतं, पॉलीकार्बोनेट दुमडतं पण तुटत नाही. दोन्ही साध्या काचेपेक्षा महाग आहेत. वजन मात्र निम्म्याहून कमी. आठ बाय चार फुटांचा ४ मिलिमीटर जाडीचा शीट साधारण १४ किलोचा, तेवढीच काच ३० किलोच्या आसपास. आमचा शीट दोघांनी सहज वर चढवला आणि खालचा सांगाडाही हलका चालला.

पडवीवरच्या शीटवर मी एकदम खूश आहे. वानरांचा अख्खा कळप त्यावरून गेला, वाळलेल्या झावळ्या पडल्या, एकदा नारळही आदळला. शीट नुसता थरथरला. पॉलीकार्बोनेट दणका बसला की वाकून तो पचवतं, काचेला ते जमत नाही. डोक्यावर काही पारदर्शक घालायचं असेल तर मी दुसऱ्या कशाचा विचारही करणार नाही.

पण बसवणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहा. आमच्या फॅब्रिकेटरला पत्र्याच्या कामाची सवय. त्याने सगळे स्क्रू करकचून आवळले. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा शीटमधून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. हे प्लॅस्टिक उन्हाने काचेच्या सातपट तरी फुगतं. आठ फुटी शीट पहाटेच्या गारव्यापासून भर दुपारच्या तापण्यापर्यंत सहासात मिलिमीटर वाढतो, आणि स्क्रूने जखडलेला असेल तर तो ताण भोकांपाशी जाऊन तिथून चीर पडते. मग त्याच्याकडून सगळी भोकं मोठी करून घेतली, खाली रबरी वॉशर घातले, स्क्रू जरा सैल ठेवले. आवाज थांबला. खाऱ्या हवेमुळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घेतले होते. फटी बुजवायला सिलिकॉन घ्याल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या.

दुसरी गोष्ट, शीटची कुठली बाजू वर. पॉलीकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं, म्हणून बऱ्याचशा शीटना एका बाजूने अतिनील किरण अडवणारा थर असतो. कुठली बाजू ते वरच्या फिल्मवर छापलेलं असतं. ती बाजू आकाशाकडे हवी. फिल्म सोलण्याआधी कोपऱ्यावर खूण करून ठेवा, कारण सोलल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. आणि बसवल्यावर फिल्म लगेच काढा, उन्हात राहिली तर चिकटून बसते.

आता तक्रारी. जुलैत पाऊस लागला की पडवीत फोनवर बोलणं विसरा. ताशा वाजतो नुसता. एप्रिलच्या दुपारी खाली बसवत नाही, ऊन सरळ आत येतं. आम्ही वरून नारळाची झापं टाकून वेळ भागवली. ज्यांना बसायला जागा हवी आहे त्यांनी पारदर्शक न घेता दुधी रंगाचा शीट घ्यावा.

साफसफाईचं तंत्र वेगळं आहे. तांबड्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की चरे पडलेच. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड. शेवाळालाही तेच, काथ्या अजिबात नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं औषध आणि थिनर तर लांबच ठेवा. शेजारच्या खिडक्या रंगवताना रंगाऱ्याने शीटवर उडालेला ऑइलपेंट थिनरने पुसला. तिथे तळहाताएवढा पांढुरका डाग पडलाय, तो आता कायमचा.

फडताळाचं अ‍ॅक्रिलिक पहिले दोन महिने काचेपेक्षा सुंदर दिसत होतं. यात अतिशयोक्ती नाही, अ‍ॅक्रिलिकमधून ९२ टक्के उजेड पार जातो, काचेहून किंचित जास्तच. पण आई ज्या फडक्याने ओटा पुसते त्यानेच दारंही पुसते, आणि तिने तसंच करावं, घर तिचं आहे. मुठीभोवती बारीक चरे आलेत. संध्याकाळी तिरपं ऊन आलं की जाळं दिसतं. अ‍ॅक्रिलिकचं पॉलिश मिळतं, त्याने बरंचसं जातं, पण दर काही महिन्यांनी दारं घासत बसायची हौस मला नाही. रोज हात लागतो, रोज पुसलं जातं तिथे काचच बरी, हवी तर टफन केलेली घ्या. अ‍ॅक्रिलिक तसबिरीला, शोकेसच्या वरच्या कप्प्याला, नावाच्या पाटीला उत्तम. उन्हाने ते सहसा पिवळंही पडत नाही.

आग हा मुद्दा दुकानदार काढत नाहीत. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पेटलं की जळत राहतं. देवघराच्या दारांनाही तेच लावायचा विचार होता, पण आत समई तेवत असते. तिथे काच ठेवली. शेगडीच्या मागेही काचच.

बाबांना मात्र प्लॅस्टिक टिकतं हेच पटेना. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा त्यांना म्हटलं, तुम्ही बघताय कशातून? दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छतांच्या अ‍ॅक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले आणि डोळ्यांनी ते सहन केले, हे हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये लंडनला माणसाच्या डोळ्यात अ‍ॅक्रिलिकचं पहिलं भिंग बसवलं. बाबा म्हणाले, डोळ्यावर वानर उड्या मारत नाही.

माजघरातली कौलं ठीक आहेत. फक्त घेताना आपल्या कौलाचा नमुना सोबत न्या, खाचा जुळल्या नाहीत तर पाणी गळतं. वजनाला हलकी असल्याने वाऱ्याने उचलतात, आम्ही प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधलंय. मागच्या पडवीचं काम मे महिन्याआधी करायचंय. तिथे पोकळ नळ्यांचा मल्टीवॉल शीट घालणार आहे, उष्णता जरा कमी येते म्हणून. नळ्या उताराच्या दिशेने ठेवायच्या, वरची तोंडं टेपने बंद आणि खालच्या तोंडांना पाणी निथळू देणारी छिद्रांची टेप, नाहीतर आत शेवाळ धरतं आणि ते काढायला हात जात नाही.