उबंटूवरूनच विंडोजची फाईल बनवायची का थेट विंडोजवर?

परभणीहून काल मावसभावाचा फोन, "दादा, प्रोग्राम उबंटूवर मस्त चालायलाय, पण कॉलेजात सगळे विंडोजवाले, त्यांना ईएक्सई (विंडोजवर चालणारी फाईल) कशी देऊ?" रस्ते दोन, मिंगडब्ल्यू (विंडोजची फाईल बनवणारा कंपायलर) टाकून उबंटूवरच क्रॉस-कंपाईल, म्हणजे एका सिस्टीमवर बसून दुसरीसाठी फाईल बनवणं, किंवा विंडोजवर एमसिस-टू (कंपायलर अन् लायब्ररी देणारा संच) टाकून तिथंच बिल्ड. दोन्ही फुकट.

मिंगडब्ल्यू टाकायला सोपं, उबंटूच्या एका ॲप्ट कमांडमधी येतंय. एमसिस-टू मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेटा लई खातंय.

खरी डोकेदुखी लायब्ररीची, म्हणजे प्रोग्राम वापरतो त्या दुसऱ्यांच्या तयार कोडची. क्रॉसमधी कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) होस्ट, म्हणजे फाईल कुठल्या सिस्टीमवर चालणार ते, सांगितला नाही तर गुपचूप लिनक्सचीच (उबंटूवालीच) फाईल बनते, अन् सांगितला तरी पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठं आहे ते सांगणारं टूल) कधीकधी लिनक्सचीच लायब्ररी उचलून देतंय मग लिंकर (सगळे तुकडे जोडून फाईल बनवणारा) 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे हे फंक्शन सापडत नाही, म्हणून बोंबलतो. पीकेजी-कॉन्फिगचं लिबडिर व्हेरिएबल विंडोजवाल्या फोल्डरकडं वळवलं की सुटतंय, पण बऱ्याच लायब्ररी आधी स्वतः कंपाईल कराव्या लागतात, माझे तर दोन रविवार त्यातच गेले. एमसिस-टूमधी त्याच लायब्ररी पॅकमननं (त्याच्या पॅकेज टाकायच्या कमांडनं) तयार मिळतात, फक्त स्टार्ट मेनूतून त्याची यूसीआरटी-64 नावाची कमांडची खिडकी उघडायची, नुसत्या एमसिसची नाही, नाहीतर फाईल एमसिसच्या डीएलएलला (चालताना लागणारी लायब्ररीची फाईल) चिकटून बसते.

लिबविनपीथ्रेड-1 डीएलएल सापडत नाही हा एरर दोन्हीकडं येतो, ती फाईल ईएक्सईच्या शेजारी ठेवा नाहीतर स्टॅटिक लिंक करा, म्हणजे ती ईएक्सईच्या आतच येते. टेस्टिंगला वाईन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) चालतं, पण पोरांना द्यायच्या आधी खऱ्या विंडोजवर एकदा चालवाच.

भावाचं एकदाच काम अन् लायब्ररी चार-पाच, त्याला एमसिस-टूच सांगितलं. लायब्ररी कमी असतील, दर आठवड्याला नवी आवृत्ती काढायची असेल अन् विंडोजचं मशीन हाताशी नसेल तर मिंगडब्ल्यू.