आठ दिवसांत उजळलेला चेहरा

गेल्या वर्षी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी रोज रात्री एका बिननावाच्या डबीतलं क्रीम चेहऱ्याला लावत होते. एका डबीचे ८५० रुपये. अशा सहा डब्या झाल्या, वर दोन ‘पील’चे, म्हणजे चेहऱ्याची वरची कातडी सोलून काढणाऱ्या लेपांचे, मिळून ३,००० रुपये. पैसे गेले ते गेले. चेहऱ्याचं जे झालं ते निस्तरायला वर्ष होत आलं, आणि ते क्रीम देणाऱ्या पार्लरात मी माझ्या मावसबहिणीलाही नेलं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी सोलापूरची, रंगाने सावळी. विशीनंतर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम यायला लागले. मुरूम बसायचा, पण त्याजागी काळा डाग राहायचा आणि तो चार-पाच महिने हलायचा नाही. घरात कुणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. पण पाहुणे यायचे ठरले की आत्या आदल्या दिवशी बेसन-हळद कालवून ठेवायची, आणि स्थळाला फोटो पाठवायचा असला की भाऊ तो मोबाइलवर उजळ करून पाठवायचा. दोन वर्षं हे सोसल्यावर मी कुठल्याही दारात गेले असते.

ते दार म्हणजे आमच्या भागातलं एक पार्लर. बाहेर ‘स्किन क्लिनिक’ अशी वेगळी पाटी. आतल्या बाई पांढरा कोट घालायच्या, सगळ्याजणी त्यांना डॉक्टर मॅडम म्हणायच्या, म्हणून मीही म्हणाले. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली होती. ती मी फार उशिरा वाचली. तिन्ही ब्यूटी कोर्सची निघाली. माझी हनुवटी धरून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, “ताई, मुरूम काय, डाग काय, सगळं जाईल. वर दोन शेड उजळाल. क्रीम मी स्वतः बनवते, हर्बल आहे.” डबीवर पेनने ‘रात्री’ एवढंच लिहिलेलं. बिल मागितलं तर म्हणाल्या, “घरचंच आहे, बिल कसलं?”

आणि गुण आला. आठव्या दिवशी मुरूम सुकले, चेहरा तुकतुकीत दिसायला लागला. ऑफिसात विचारणा सुरू झाली. मावसबहिणीने विचारलं तेव्हा मीच तिला स्कूटीवर बसवून घेऊन गेले. फसवणाऱ्या क्रीमने काहीच फरक पडला नसता, तर मी महिन्याभरात सोडलं असतं. ते काम करतं, म्हणून माणूस अडकतो.

गौरी-गणपतीला पाच दिवस गावी गेले आणि डबी सोलापुरात राहिली. तिसऱ्या दिवशी चेहऱ्याची आग सुरू झाली. चुलीजवळ बसवेना, गार पाण्याचा हबका मारला तरी झोंबायचं. गालांवर एकसारखे बारीक लाल फोड उठले, जिथे मला आधी कधीच काही नव्हतं. परत येऊन क्रीम लावलं आणि दोन रात्रींत सगळं शांत झालं. मला ते क्रीम आणखीच गुणाचं वाटलं. बाई म्हणाल्या, “बंद केलंत म्हणून झालं. आता थोडं स्ट्राँग देते.”

नोव्हेंबरात गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागलं, कानशिलांजवळ लव वाढली, ओठांभोवती काळं कडं आलं. तेव्हा कुठे मी सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टर बाईंचा पहिला प्रश्न होता, “डबी आणलीस?” वास घेतला, बोटावर घेऊन पाहिलं. “प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय यात काय आहे ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तुझा चेहरा सांगतोय, हे स्टेरॉइड आहे.”

स्टेरॉइड म्हणजे सूज आणि दाह दाबणारं औषध. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज-लाली उतरते, त्वचेचा रंगही फिका पडतो; म्हणून आठ दिवसांत उजळल्यासारखं वाटतं. आतून कातडी पातळ होत जाते, आणि क्रीम थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. गावी माझं तेच झालं होतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइड औषधं एक्झिमा किंवा सोरायसिसला, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची असतात. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूब वांगासाठी काही आठवड्यांपुरत्या देतात. त्याच ट्यूब लोक गोरेपणासाठी वर्षानुवर्षं लावतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते, हे मी स्वतः पाहिलंय.

डॉक्टरांनी लघवीची तपासणीही करायला लावली. अकोल्यातल्या एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला पार्लरमधून आणलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याची आणि त्या क्रीममध्ये पारा सापडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. बिननावाच्या डबीत तेही असू शकतं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माझा रिपोर्ट चांगला आला.

मग त्यांनी मला जे समजावलं ते विशीतच कुणी सांगायला हवं होतं. सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी कुठल्याही दाहाला लगेच उत्तर देतात. मुरूम, ओरखडा, कडक पील, चुकीच्या ताकदीचं लेझर, काहीही झालं तरी त्या जादा रंग तयार करतात. म्हणजे डाग हा मुरमाचा माग आहे. आधी मुरूम थांबले पाहिजेत, मग डाग जातात, आणि रंग त्वचेच्या खालच्या थरात उतरला असेल तर वर्षाहून जास्त लागतं. पार्लरमधल्या ‘पील’नंतर माझे डाग गडद झाले होते, त्याचं कारण हेच. माझं स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने सोडवलं. चार महिने साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि काही आठवडे गोळ्या. चेहरा शांत झाल्यावरच मुरमांसाठी अॅडापलीन, एक रात्र सोडून, मटारच्या दाण्याएवढं. डागांसाठी अॅझेलेइक अॅसिड. सनस्क्रीन त्यांनी आयर्न ऑक्साइडचा टिंट असलेलं सांगितलं, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही सावळ्या त्वचेवरचे डाग गडद होतात, आणि तो टिंट हा उजेड अडवतो.

पार्लरमधल्या बाईंनी “मी असं काही दिलंच नाही” म्हणून हात झटकले. बिल नव्हतं, पण पैसे मी त्यांच्या मोबाइल नंबरवर पाठवले होते, त्या नोंदी आणि अर्धी उरलेली डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. डबी फेकू नका, एवढं माझं ऐकाच. आणि डॉक्टर म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. त्वचेच्या डॉक्टरच्या पाटीवर एम.डी. (त्वचारोग) किंवा डी.व्ही.डी. यांसारखी त्वचारोगाची पदवी किंवा पदविका असते. विचारल्याचा राग येत असेल तर उठून या.

मावसबहीण अजून तेच लावते. डिसेंबरात तिचं लग्न आहे. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, “ताई, लग्न होऊ दे, मग सोडते. फोटोत फोड नकोत.” मी डॉक्टरांना विचारून आले. त्या म्हणाल्या, तिला एकदम बंद करू देऊ नकोस, इकडे आण, हळूहळू उतरवू. मंगळवारी सकाळी ८ वाजता मी दोघींचे केसपेपर काढायला रांगेत उभी राहणार आहे. काल रात्री तिचा मेसेज आला, येते म्हणून.