‘नेब्रास्का’ची एलपी, आठ महिन्यांनी

जूनमध्ये अडीच हजार रुपये मोजून अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमची नवी कोरी एलपी, म्हणजे तबकडी, घेतली आणि पहिल्याच रात्री डोकं फिरलं. सुई टेकल्यापासून खरखर. वर तिसऱ्या गाण्यात टक्, टक्, टक्. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडजवळच्या त्या दुकानात घेऊन गेलो. ‘‘काका, सील फोडलं की परत घेत नाही आम्ही.’’ लावूनसुद्धा बघितली नाही.

नंतर गणपतीआधीचा महिना नदीपात्रातल्या ढोलांच्या सरावात गेला. इतका हळू आवाजातला अल्बम तेव्हा ऐकणार कसा?

सप्टेंबरअखेरीस मोबाइलवर हेडफोन लावून हाच अल्बम ऐकला, तर खरखर तिथेही! म्हणजे ती मुळातलीच. 1982 च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी स्प्रिंगस्टीनने ही गाणी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर भरली, बँडला ऐकवायला म्हणून. पुढे त्याच्या या ई स्ट्रीट बँडबरोबर स्टुडिओत वाजवून पाहिली, पण कॅसेटवरचं एकटेपण काही उतरेना. शेवटी अल्बम त्या कॅसेटवरूनच निघाला. खरखरीवरून मी दुकानात आवाज चढवला होता, ते चुकलंच माझं.

टकटकीचं मात्र चुकलं नाही. मोजली मी, दर 1.8 सेकंदांनी येते. मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे दोष खाचेत, एकाच जागी. ब्रश फिरवला, डिस्टिल्ड वॉटरने पुसली, जात नाही. ड्रम असते तर त्यात दबली असती. पण ‘मॅन्शन ऑन द हिल’ या तिसऱ्या गाण्यात फक्त गिटार, माउथ ऑर्गन आणि स्प्रिंगस्टीनचा आवाज, टकटक नेमकी दोन ओळींमधल्या शांततेत पडते. अडीच हजारांच्या नव्या मालात हे का सोसायचं?

तरीही आठवड्यातून दोनदा लावतोच, साडेदहानंतर, खालची रिक्षांची वर्दळ थांबली की. ‘हायवे पेट्रोलमन’ या पाचव्या गाण्यासाठी. पोलीस असलेला भाऊ गुन्हा करून पळणाऱ्या भावाचा पाठलाग करतो. कॅनडाची सीमा पाच मैलांवर आल्याची पाटी दिसते, तसा तो गाडी कडेला घेतो आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत बघत राहतो. हे सांगताना स्प्रिंगस्टीनचा आवाज एकदाही चढत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाजू संपली तरी सुई उचलली नव्हती.

दुसरी प्रत घेणार नाही. एकाच तबकडीला दोनदा पैसे मोजायचे नाहीत. तिसरं गाणं मोबाइलवर ऐकतो. एलपीची सुई थेट पाचव्यावर ठेवतो, तिथे टकटक नाही.