अमूर्त डिजिटल चित्राची नोंद: टाइम-लॅप्स की टप्प्यांच्या फायली आणि वही?

अमूर्त चित्रे काढणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले की प्रक्रियेची नोंद टाइम-लॅप्सने, म्हणजे चित्र घडतानाच्या वेगाने पळवलेल्या व्हिडिओने ठेवावी, की टप्प्याटप्प्याने फायली जतन करून सोबत वही लिहावी.

श्रमांच्या बाबतीत टाइम-लॅप्स सरस आहे. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये तो आपोआप नोंदला जातो. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डर सुरू करावा लागतो. दोन्ही पर्यायांत खर्च मुख्यतः साठवणुकीचाच आहे. थरांसह, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे स्तर तसेच ठेवून, जतन केलेल्या मोठ्या फायली मात्र डिस्क लवकर भरतात.

खरा फरक आशयात आहे. व्यक्तिचित्रात पुढची रेघ कशासाठी आली हे पाहणाऱ्याला कळते. अमूर्त चित्रात निळा पट्टा झाकून तिथे करडा का आला, हे व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी उलगडत नाही, कारण तो निर्णय पडद्यावर नव्हे, तर हात थांबलेला असताना झालेला असतो आणि टाइम-लॅप्स नेमका तोच थांबलेला वेळ गाळतो. वहीतले ‘निळा फार बोलका झाला’ एवढे वाक्यही पुरते. शिवाय क्रिटाच्या क्रमवार जतनाने (दर वेळी नव्या क्रमांकाची फाइल ठेवण्याने) तयार झालेली जुनी फाइल उघडून तिथून वेगळी वाट धरता येते. व्हिडिओतून थर परत मिळत नाहीत. वहीचा आळस मात्र होतो, हे स्वानुभवाने सांगतो.

प्रेक्षकांना दाखवण्यापुरती नोंद हवी असल्यास टाइम-लॅप्स पुरेसा आहे. परीक्षकांसमोर निर्णयांचे समर्थन करायचे असेल किंवा चित्रमालिका पुढे न्यायची असेल, तर फायली आणि वही निवडावी.