कोडवरून कारणांचा क्रम लावणारा ओबीडी स्कॅनर, ६ महिने वापरल्यावर

माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, चेक इंजिनची लाईट लागली आणि घाटात गाडी ओढेना. एका गॅरेजमध्ये नुसता बिघाडाचा कोड बघून सांगितलं की ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, बदला. मी बदलला, आठवड्यात लाईट परत आली, पैसे गेले ते गेलेच. म्हणून हा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेतला, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाईलवर अॅप उघडायचं.

कोड होता पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हे लक्षण झालं, कारण नाही! अॅप कोड वाचल्यावर संभाव्य कारणांची यादी टक्क्यांसकट देतं, आणि माझ्या यादीत सगळ्यात वर होता एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), जो माझ्या गाडीत नाहीच, माझ्या गाडीत एमएपी सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) आहे. म्हणजे ही पहिली यादी सगळ्या गाड्यांना एकच, तिच्यावर एक रुपया खर्च करू नका.

खरी कमाल गाईडेड मोडची. त्यात अॅप प्रश्न विचारतं, लाईव्ह रीडिंग घेतं आणि क्रम परत लावतं. एमएएफ नाही म्हटल्यावर ते कारण यादीतून गेलं. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती वाढवून देतोय तो आकडा, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ६ टक्के होता, आणि खंबाटकी घाट चढताना बायको शेजारी बसून मोबाईलवर वाचत होती तर २२ पर्यंत गेला. लोड आला की पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पेट्रोलचा फिल्टर नाहीतर पंप, ते कारण चौथ्यावरून पहिल्यावर आलं आणि ऑक्सिजन सेन्सर पार खाली गेला. मेकॅनिककडे जाऊन प्रेशर गेज लावायला लावला, प्रेशर कमीच निघालं, टाकीतला फिल्टर चोक होता. बदलला, त्यानंतर लाईट नाही.

आता तक्रार. यादीत कारणांपुढे येणारे ६२ टक्के, १८ टक्के हे आकडे कुठून आले ते अॅप सांगत नाही. स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या दशकात जंतुसंसर्गाच्या निदानासाठी मायसिन नावाची सिस्टीम केली होती, तिला डॉक्टर "का विचारतेस?" असं विचारू शकायचे आणि ती नियम दाखवायची. इतक्या जुन्या सिस्टीमला जमलं ते इथे का नाही? दुसरं म्हणजे क्रम नुसत्या शक्यतेवर लावलाय, तपासायला किती खर्च येतो ते धरतच नाही, व्हॅक्यूमचा पाईप (इंजिनला जोडलेली हवेची नळी) हाताने बघायला ५ मिनिटं लागतात आणि पंपासाठी टाकी उघडावी लागते, मग शक्यता थोडी कमी असली तरी पाईप आधी बघायला सांगायला नको का?

५ पैकी ४ स्टार. घेतलात तर गाडीचं मॉडेल भरून थेट गाईडेड मोडला जा, आणि लोडवरचं रीडिंग घेतल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नका.